वाळवणातली घोरपड

मी संशयी आहे, हे मी आधीच कबूल करून टाकते. म्हणजे ते शोधून काढायचे कष्ट कुणाला पडायला नकोत. त्यात माझ्या कामाचाही हात आहे. आर्नहेममधल्या एका वीज कंपनीच्या ऑफिसात मी सॉफ्टवेअर तपासते. प्रोग्रॅम लिहिणारे म्हणतात, 'चालतंय', आणि मी म्हणते, 'दाखवा.' पंधरा वर्षं हे केल्यावर माणूस घरी येऊनही तेच करतो. दाराला कुलूप लावून मी दोनदा ओढून बघते. डॉक्टरने गोळी लिहून दिली की ती कशाची आहे, हे तीन ठिकाणी वाचते. नवरा म्हणतो, लग्नात अंतरपाट खाली यायच्या आधीच तू वाकून बघितलं होतंस. ते खरं आहे.

अशा बाईच्या घरात घोरपड आली ती मुलीमुळे. ती तेव्हा बारा वर्षांची होती. जन्म इथलाच. मराठी सगळी कळते, पण उत्तर डचमध्ये नाहीतर इंग्रजीत येतं. तिच्या शाळेत प्रत्येक मुलाला वर्षातून एकदा वर्गासमोर उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं. तिने घेतला विषय घोरपड. आमच्या पिढीला घोरपड म्हटलं की कमरेला दोर बांधून कड्यावर चढवलेली आठवते. हिची घोरपड म्हणजे ऑस्ट्रेलियाकडची बुटकी जात, पिवळ्या ठिपक्यांची, काटेरी शेपटीची, पूर्ण वाढली तरी हातभराच्या आतली. भाषण झालं, टाळ्या पडल्या आणि त्याच संध्याकाळी तिने बापाला पटवलं, की अशी एक घरी हवी. बाप आठवड्यातले चार दिवस रॉटरडॅमला कामाला जातो आणि रात्री दमून परत येतो. त्याला पटवणं सोपं असतं.

मी अडून बसले. भारतात घोरपड पाळली तर तुरुंगात जावं लागतं, हे मला ठाऊक होतं, तेव्हा इथला कायदा आधी तपासला. ही जात पाळता येते, पण ती रानातून धरून आणलेली नाही, माणसाकडेच अंड्यातून निघाली आहे, असा सहीचा कागद हातात असलेला बरा. मास्ट्रिख्टजवळच्या एका खेड्यात एक माणूस ही पिल्लं वाढवायचा. मी त्याला फोनवर सांगितलं, की कागद तर दाखवाच, पण पिल्लाचे आईबापही दाखवा. तो हसला. आम्ही गेलो तेव्हा त्याने दोघंही दाखवली. मी काचेला नाक लावून दोघांचे डोळे, नखं, शेपट्या बघितल्या. मुलगी लाजेने अर्धी झाली होती. स्थळ बघायला गेलेली माणसंसुद्धा इतकं बघत नाहीत.

येताना पिल्लू कापडी पिशवीत, पिशवी जेवण गरम ठेवायच्या खोक्यात आणि खोकं माझ्या मांडीवर. वीतभर लांब, त्यात निम्म्याहून जास्त शेपूटच. प्रत्येक स्टेशनवर मी झाकण किंचित उघडून बघत होते. मुलीने तिसऱ्यांदा सांगितलं, "आई, शी इज ब्रीदिंग." मी म्हटलं, "तुला कसं कळलं?" आणि पुन्हा झाकण उघडलं.

दिवाणखान्याच्या भिंतीशी काचेची पेटी लावली. वर लोखंडी जाळी. जाळीच्या एका टोकाला तापणारा दिवा, त्याच्याखाली दगड, आणि जाळीच्या उरलेल्या लांबीवर एक ट्यूब, उन्हातले न दिसणारे किरण देणारी. त्या माणसाने तीन गोष्टी सांगितल्या होत्या. दगड चटका बसेल इतका तापला पाहिजे. ट्यूब दिवसभर चालू पाहिजे. आणि खायला घालायच्या रातकिड्यांवर एक पांढरी पूड भुरभुरायची. मुलीने तिन्ही गोष्टी वहीत लिहून घेतल्या आणि मनापासून करू लागली. शाळेतून आली की दप्तर टाकायच्या आधी पेटीसमोर. पिल्लू आठवड्याभरात तिच्या हातावर चढायला लागलं. मी लांबून बघायचे. एवढासा जीव, पण मान वर करून असं रोखून बघायचं, की मला वाटायचं, घरात माझ्यासारखं आणखी कुणीतरी आलं.

मी मात्र त्या तीन गोष्टींवर विश्वास टाकून बसले नाही. पुडीच्या डबीवर जीवनसत्त्वाचं नाव होतं. ते जास्त झालं तर विषासारखं असतं, असं कुठेतरी वाचलं, म्हणून मी ती डबी बदलून नुसत्या कॅल्शियमची आणली. मग रातकिडे पळू लागले. फ्रिजच्या मागे एक, पलंगाखाली एक, आणि एक देवघरात समईमागे, ऐन आरतीच्या वेळी सूर लावणारा. मुलगी झाकण नीट लावत नाही, हा माझा पहिला संशय. मी तिला न सांगता डब्यातले रातकिडे मोजायला लागले. तिला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "यू डोन्ट ट्रस्ट मी." मग मार्चमध्ये मला जाळीचं एक भोक जरा मोठं दिसलं. बांधकामाच्या सामानाच्या दुकानातून मी पारदर्शक ॲक्रिलिकची शीट कापून आणली आणि ट्यूबच्या खाली, जाळीवर पसरली. दिव्याची बाजू तेवढी मोकळी ठेवली, ती वितळली असती म्हणून. उजेड आरपार जात होता. रातकिडे पळायचे थांबले. मी स्वतःवर फार खूश होते.

एप्रिलच्या मध्यावर सासूबाई पुण्याहून आल्या, तीन महिन्यांच्या व्हिसावर. मी त्यांना आईच म्हणते. आमचं बरं चालतं, म्हणजे दोघीही एकमेकींशी जपून बोलतो. सामानातून त्यांनी पापडाचं पीठ, गोडा मसाला आणि ताटावर ठेवायची ती छत्रीसारखी उघडणारी जाळी काढली, माशा बसू नयेत म्हणून वापरतात ती. मी म्हटलं, "आई, इथे माशा नाहीत." त्या म्हणाल्या, "असू दे गं. वाळवण घालीन म्हणते." नेदरलंड्समध्ये वाळवण! मी मनात हसले.

घोरपड बघून त्या पहिल्यांदा काय म्हणाल्या, हे मी पक्कं लक्षात ठेवलं. "ही घरात कशाला? ही रानात बरी." हे वाक्य मी मनात नोंदवून ठेवलं, ऑफिसात तक्रारी नोंदवते तसं.

दोन आठवड्यांनी जेवताना त्या म्हणाल्या, "तिचे मागचे पाय बघ गं जरा. ओढत चालते. ऊन नाही मिळत तिला. मुडदूस होईल."

"आई, घोरपडीला कसला मुडदूस?" मला हसू आवरलं नाही. "तिच्या डोक्यावर उन्हाची ट्यूब आहे. बारा तास चालू असते."

"माझ्या धाकट्या भावाला झालेला. असाच बसायचा, पाय फाकवून."

"मी तपासते सगळं," मी म्हटलं. "तुम्ही मात्र पेटी उघडू नका, प्लीज. चावते ती."

मी उठून पेटीकडे एक नजर टाकली. पिल्लू दगडावर पडून होतं, तोंड दिव्याकडे. पाय पोटाखाली. मला काही वावगं दिसलं नाही.

मेच्या सुरुवातीला मात्र खुणा दिसायला लागल्या. घरात घोरपड आणि माझ्या मनात पाल चुकचुकतेय, अशी अवस्था. पेटीच्या कुलपाची किल्ली खिळ्यावर मी नेहमी दात भिंतीकडे करून अडकवते. ती उलटी दिसली. बाल्कनीच्या उंबऱ्याशी पेटीतली लाल वाळू सांडलेली. सासूबाईंच्या मनगटावर बारीक ओरखडे, आणि मी बघितल्यावर त्यांनी स्वेटरची बाही खाली ओढली. एकदा मी लवकर घरी आले तर त्या फोनवर बहिणीला सांगत होत्या, "दिवसभर कोंडलेलं असतं गं बिचारं." मला बघून त्यांनी विषय बदलला. आणि रोज सकाळी पहिला प्रश्न: "आज ऊन आहे का गं?" मला वाटायचं, वाळवणाची काळजी. बाल्कनीत साबुदाण्याच्या पापड्यांचं ताट होतं. त्याच पापड्या तीन आठवडे वाळत होत्या. इतकी मोठी खूण डोळ्यांसमोर असून ती मात्र मला दिसली नाही.

पिल्लाचं खाणं कमी झालं होतं. चार रातकिड्यांऐवजी दोन, मग एक. मुलगी रोज रात्री वहीत लिहायची आणि माझ्याकडे बघायची. "इज शी सिक?" मी म्हणायचे, बघू. खरं सांगायचं तर मी घाबरले होते. पोरीचा सगळा जीव त्या वीतभर प्राण्यात गुंतला होता. ते मेलं असतं तर ती मलाच विचारणार होती, की तू तर सगळं तपासतेस ना? आणि माझ्या मनात उत्तर तयार होतं. तुझी आजी. तिला ती रानात सोडायची आहे. ती पेटी उघडते, काहीतरी करते, आणि म्हणून ही अशी झाली.

नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "आई मुंगीसुद्धा मारत नाही." मी म्हटलं, "मुंगी मारत नाही, पण घोरपड सोडू शकते. पुण्यकर्म म्हणून." त्याने डोक्यावर पांघरूण ओढून घेतलं.

शेवटी मी ते केलं. जुना फोन पुस्तकांच्या कपाटात, दोन शब्दकोशांच्या मध्ये, असा ठेवला की पेटीचं दार आणि त्यासमोरची जागा बरोबर दिसेल. कुणी समोर हललं की तो चित्रण करायचा आणि ते ऑफिसात माझ्या फोनवर यायचं. सासूच्या मागे कॅमेरा लावताना लाज वाटली का? थोडी वाटली. पण मी स्वतःला सांगितलं, की पुरावा नसताना कुणावर आरोप करणं वाईट, म्हणून पुरावा हवा. संशयी माणसाला असे न्याय फार चटकन सुचतात.

पुढचे आठ दिवस आभाळ भरलेलं होतं. राखाडी, रिपरिप, इथलं नेहमीचं. कॅमेऱ्यात रोज तेच. अकराच्या सुमाराला सासूबाई खुर्ची ओढून पेटीसमोर बसायच्या, मांडीवर ताट, ताटात निवडायची डाळ. आत बघून काहीतरी बोलायच्या. आवाज नीट यायचा नाही, पण 'बये' एवढं कळायचं. अर्धा अर्धा तास. दाराला हात लावायच्या नाहीत. मी मीटिंगमध्ये टेबलाखाली फोन धरून ते सगळं बघायचे. त्यांचे हात कुठे आहेत, किल्लीकडे जातायत का, मान कुठे वळते. मला खात्री झाली, की सासूबाई संधीची वाट बघतायत. आठ दिवस मी डोळ्यात तेल घालून त्यांचे हात बघितले.

नवव्या दिवशी, बुधवारी, लख्ख ऊन पडलं. ऑफिसातले निम्मे लोक कॉफी घेऊन बाहेर गेले. अकराला माझा फोन थरथरला. सासूबाईंनी किल्ली काढली. दार उघडलं. पंचा हातावर घेऊन त्या आत वाकल्या आणि पंच्यात काहीतरी गुंडाळून उठल्या. मग त्या चित्रातून बाहेर गेल्या, बाल्कनीच्या बाजूला. दार सताड उघडं. पेटी रिकामी.

आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. मी कुणाला काही न सांगता खाली आले, सायकलवर बसले आणि लाल सिग्नल तोडून घरी पोचले. ते इथे कुणी करत नाही, आणि मी तर मुळीच करत नाही. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होते. पोरीला काय सांगणार. नवऱ्याला काय सांगणार. त्यांना काय काय बोलणार.

बाल्कनीचं दार उघडं होतं. सासूबाई खाली पाट टाकून बसल्या होत्या. एका बाजूला पापड्यांचं ताट. दुसऱ्या बाजूला आमचा कपड्यांचा निळा टब, आणि त्यावर ती पुण्याहून आणलेली जाळी, कडेने कपड्यांचे चिमटे लावून घट्ट बसवलेली.

"टाकून देणार होतात ना तिला?" मी दारातूनच ओरडले. "सोडून देणार होतात!"

त्यांनी मान वर केली. त्यांना आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि त्यांचा चेहरा लाल झाला.

"टाकायला जाळी लागते का गं?" त्या म्हणाल्या.

मी टबात बघितलं. तळाला कुंडीखालची काळी फरशी, उन्हाने तापलेली, आणि तिच्यावर पिल्लू चपटं होऊन पडलेलं. टबाच्या अर्ध्या भागावर ओला पंचा टाकलेला, ऊन नको झालं तर सावलीत जाता यावं म्हणून. वाळवणावर जुनं पातळ घालतात, मग इथे जाळी का, असं मी पुढे कधीतरी विचारलं, तर त्या म्हणाल्या, "कापडाने ऊन अडतं. पापडाला चालतं, जिवाला नाही." जवळजवळ तीन आठवडे ऊन असेल त्या दिवशी हे चाललं होतं. पापड्या कधीच्याच वाळल्या होत्या. त्या फक्त राखणीचं निमित्त म्हणून मांडलेल्या होत्या, म्हणजे मला शंका यायला नको.

"मला सांगायचं तरी," मी म्हटलं.

"सांगितलं होतं. तू हसलीस." त्यांनी चिमटे काढले, जाळी उचलली आणि पिल्लाला तळहातावर घेतलं. "आता आधी हा पाय बघ. आठ दिवस ऊन नव्हतं, तर काय झालंय बघ."

मी बघितलं. अगदी जवळून, पहिल्यांदाच. मागचा डावा पाय वाकला होता, गुडघ्याच्या वर, पाय वाकू नये तिथे. बोटं थरथरत होती, एकसारखी, बारीक. पिल्लाने मान वर करून माझ्याकडे रोखून बघितलं नाही. मानही त्याला उचलवत नव्हती.

"तू यावेळी घरी कशी?" सासूबाईंनी विचारलं.

"मीटिंग रद्द झाली," मी म्हणाले.

बुधवारी शाळा अर्धी असते. मुलगी साडेबाराला आली, तोवर मी सरपटणाऱ्या प्राण्यांच्या डॉक्टरची दुपारची वेळ मिळवली होती. तिघी बसने निघालो. खोकं यावेळी सासूबाईंच्या मांडीवर होतं. मी मागितलं नाही आणि त्यांनी दिलं नाही. मुलगी झाकणावर हात ठेवून बसली होती. ती रडत नव्हती, आणि मला तेच सहन होत नव्हतं.

डॉक्टर उंच, करड्या केसांची बाई होती, बोलायला सावकाश. तिने पिल्लाचा जबडा दोन बोटांत हलकेच दाबून बघितला, पाय चाचपले, एक्स-रे काढला. काळ्या फिल्मवर हाडं इतकी फिकी होती की शोधावी लागली. तिने विचारलं, दिवा कसा आहे, ट्यूब कशी आहे, खायला काय देता. मुलीने वही उघडून डचमध्ये भराभर सगळं सांगितलं. पूड बदलल्याचं मी मध्येच सांगितलं. मग डॉक्टरने विचारलं, ट्यूब आणि प्राणी यांच्या मध्ये काही आहे का? काच वगैरे?

मुलगी म्हणाली, जाळी. मग ती थांबली आणि माझ्याकडे वळली.

"शीट," मी म्हटलं. "प्लास्टिकची. मी घातली. रातकिड्यांसाठी."

डॉक्टरने मान हलवली. तिच्या आवाजात राग नव्हता. उजेड जातो त्यातून, ती म्हणाली, पण ज्याच्यासाठी ट्यूब लावायची, ते जात नाही. पुडीतलं जीवनसत्त्वही काढून घेतलंत. म्हणजे मार्चपासून तिच्या हाडांना काही मिळालेलंच नाही. लहान मुलांना होतो, तोच आजार. डच लोक त्याला 'इंग्रजी आजार' म्हणतात. मी सासूबाईंना मराठीत सांगायला गेले तर त्यांनी हात वर करून थांबवलं. त्यांना कळलं होतं.

"पण मग ही इतके दिवस जगली कशी?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाली, आणि फिल्म पुन्हा उजेडात धरली.

"ओमाने उन्हात ठेवली," मुलगी म्हणाली. ओमा म्हणजे आजी. बसमध्ये तिने आजीकडून सगळं काढून घेतलं होतं. डॉक्टरने सासूबाईंकडे बघितलं आणि सावकाश इंग्रजीत म्हणाली, की त्यानेच ती वाचली. सासूबाईंनी पदर सारखा केला.

मग डॉक्टरने तो प्रश्न विचारला. ही थरथर नेमकी कधी सुरू झाली? त्यावर औषध किती द्यायचं ते ठरेल. कुणी व्हिडिओ काढलाय का, चालतानाचा?

मुलगी म्हणाली, नाही. सासूबाई म्हणाल्या, नाही.

माझ्या खिशात आठ दिवसांचं चित्रण होतं. मी बोलले नसते तर कुणाला कधीच कळलं नसतं. टेबलावर पिल्लाची बोटं थरथरत होती. मी फोन काढला.

पहिलं चित्र उघडलं. मध्यभागी सासूबाई, खुर्चीत, मांडीवर डाळीचं ताट. डॉक्टरने ते जवळ घेतलं. मुलगी आणि सासूबाई दोन्ही बाजूंनी वाकल्या. डॉक्टरने बोटांनी चित्र मोठं केलं, सासूबाईंना बाजूला सारलं आणि डावा खालचा कोपरा समोर आणला. तिथे पिल्लू होतं. पहिल्या दिवशी पाय ओढत चाललेलं. तिसऱ्या दिवशी दगडावर चढताना दोनदा घसरलेलं. पाचव्या दिवशी बोटं थरथरायला लागलेली. सातव्या दिवशी हललंच नाही. प्रत्येक चित्र मी बघितलं होतं, काही दोन दोनदा. त्या कोपऱ्यात एक जीव मोडत चालला होता आणि मी हात बघत होते.

आणि प्रत्येक चित्रात सासूबाईंची मान त्याच कोपऱ्याकडे वळलेली होती.

डॉक्टर म्हणाली, छान, फार उपयोग झाला, आणि लिहायला बसली. मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "यू फिल्म्ड आजी." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आल्यावर मी पहिल्यांदा ती शीट काढली आणि पायाखाली घेऊन मोडली. जुन्या पुडीची डबी परत आणली. डॉक्टरने दिलेलं औषध दिवसातून दोनदा, सुई नसलेल्या सिरिंजने, जबड्याला ताण न देता थेंबाथेंबाने पाजायचं होतं. मी हात पुढे केला तर मुलगी म्हणाली, "आजी करेल." मराठीत म्हणाली.

सासूबाई दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. बोलायचं ते मुलीमार्फत. "आईला सांग, भाजी गरम आहे." मी स्वयंपाकघरात जाऊन म्हटलं, "आई, चुकलं माझं."

त्या पोळी लाटत होत्या. लाटणं थांबलं नाही. "मला चोर ठरवलंस तू," त्या म्हणाल्या. "माझ्याच मुलाच्या घरात. मी तिथे बसून काय बोलत होते तिच्याशी, माहितीये? म्हणत होते, ऊन येऊ दे गं बये, तोवर धीर धर. आणि तू ऑफिसात बसून बघत होतीस." त्यांनी पोळी तव्यावर टाकली. "नुसतं विचारलं असतंस तर काय बिघडलं असतं?"

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी एक पोळी ताटात टाकली आणि ताट माझ्याकडे सरकवलं. ते माफ करणं होतं की नुसतं जेवायला वाढणं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी तपासलंही नाही.

जुलैत त्यांचा व्हिसा संपला. तोवर पिल्लू पुन्हा चार रातकिडे खाऊ लागलं होतं. डावा पाय वाकडाच राहिला, तो तसाच राहणार. पण चालते, चढते, पेटीच्या दाराशी उभी राहून दिव्याकडे मान उंचावते. निघताना सासूबाईंनी बाकी सगळं सामान भरलं, जाळी मात्र ठेवून गेल्या. विमानतळावर त्यांनी नातीला मिठी मारली, मुलाला मारली, आणि मला म्हणाल्या, "ओला पंचा विसरू नकोस. निम्म्या टबावरच घालायचा."

आता ऊन पडलं की बाल्कनीतलं काम माझं. निळा टब, काळी फरशी, चिमटे. मुलगी पेटीची किल्ली मला देते, पण मी पिल्लू उचलून टबात ठेवेपर्यंत दारात उभी राहून बघते. माझ्या हातांकडे बघते.

परवा रविवारी ऊन होतं. सासूबाईंचा पुण्याहून व्हिडिओ कॉल आला. मी फोन समोर धरला, केस सारखे केले आणि म्हटलं, "आई, तब्येत कशी आहे?"

"माझं राहू दे," त्या म्हणाल्या. "आणि तुझं तोंड नको दाखवूस. तिचे पाय दाखव."